बाप दारूनं गेला आणि पोरानं गावोगावची भीती झाडून काढली. गाडगेबाबांची ही बाजू माहितीये का?

गाडगेबाबा म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो खराटा. मग डोक्यावरचं गाडगं, अंगावरच्या चिंध्या आणि स्वच्छता अभियान. शाळेच्या भिंतीवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर त्यांचं चित्र असतं ते याच रूपात.

पण हा माणूस खराटा घेऊन घराबाहेर पडला, त्याच्या वीस वर्षं आधी त्याच्या घरात एक मरण झालं होतं. ते दारूनं झालं होतं. आणि त्या दारूच्या मागे नुसती चटक नव्हती, भीती होती. देवाच्या कोपाची भीती, भावकीच्या बोलण्याची भीती, चार लोकांत हलकं पडण्याची भीती.

बाबांनी पुढची पन्नास वर्षं गावोगाव जे सांगितलं, त्याचं मूळ या मरणात आहे. आणि सांगताना त्यांच्या हातात पोथी नव्हती, कारण शाळेचं तोंडच त्यांनी पाहिलं नव्हतं. होते ते ऐकून पाठ केलेले तुकोबांचे अभंग, कबिराचे दोहे आणि वऱ्हाडातल्या रोजच्या बोलण्यातल्या म्हणी.

तेवढ्या भांडवलावर या माणसानं लोकांची भीती आणि बाटली या दोन्हींवर हात घातला. तो कसा, ते पाहू.

शेंडगावचा डेबू

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचं खेडं आहे. तिथल्या झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर यांच्या घरात मुलगा झाला. नाव डेबूजी. जात परटाची.

झिंगराजीचं घर सुरुवातीला बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी होतं. पण त्या काळी सण असो, बारसं असो, लग्न असो की तेरावं, जेवणावळीत मटण आणि दारू हवीच अशी अनेक समाजांत रीत होती. त्यात देवाचे नवस. बकरा कापायचा, देवाला नैवेद्य दाखवायचा आणि प्रसाद म्हणून बाटली फिरवायची. नाही म्हणायची सोय नाही. देव कोपेल, नाहीतर भावकी तरी.

दुसऱ्या बाजूला सरकार होतं. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातात होता आणि दारूचे गुत्ते लिलावानं दिले जायचे. गुत्ता जितका चालेल तितका अबकारी महसूल सरकारच्या तिजोरीत. तिकडे पुण्यात नगरपालिकेचे सदस्य असलेले जोतिबा फुले १८८० च्या सुमाराला दारूच्या दुकानांना विरोध करत होते. पण शेंडगावसारख्या खेड्यात असं कुणी बोलणारं नव्हतं.

झिंगराजी या रीतीत सापडला. आधी देवाच्या नावानं, मग दोस्तांच्या आग्रहानं आणि शेवटी स्वतःच्या गरजेनं. शेत गेलं, जनावरं गेली, अंगातली ताकद गेली. १८८४ साली तो वारला. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता.

बाबांच्या चरित्रांमध्ये झिंगराजीच्या शेवटच्या दिवसांची हकीकत येते. आपलं वाटोळं कशानं झालं हे त्याला तेव्हा उमगलं होतं. पोराला दारूपासून लांब ठेव आणि ज्या देवांच्या नावानं ही दारू घरात आली त्यांच्यापासूनही लांब ठेव, असं तो बायकोला सांगून गेला म्हणतात.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मरणाच्या दारात असलेल्या त्या माणसानं दारू आणि देवाची भीती ही दोन्ही नावं एका दमात घेतली. पुढे त्याच्या मुलानं आयुष्यभर या दोन्हींची सांगड सोडवण्याचंच काम केलं.

दापुऱ्याची शाळा, जिथे पाटी नव्हती

नवरा गेल्यावर सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. तिथे डेबूचे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभानजी यांची शेती होती. डेबू गुरं राखायला लागला. नांगर, वखर, पेरणी, मळणी सगळं शिकला. पूर्णा नदीत पोहण्यात तरबेज झाला.

आणि रात्री भजन. दिवसभराची कामं उरकली की देवळात पोरं जमायची, टाळ वाजायचे. डेबूला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण कान तयार होता. एकदा ऐकलं की डोक्यात बसायचं. तुकोबांचे अभंग त्यानं असे ऐकून ऐकून गोळा केले.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे कविता म्हटलं की पुस्तक आठवतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या माणसासाठी कविता म्हणजे अभंग, ओवी, भारूड. ती जात्यावर होती, वारीत होती, देवळात होती. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही शेकडो ओव्या पाठ असायच्या. शहाणपण साठवायची ती खेड्याची कोठी होती. म्हणींचंही तसंच. कर्ज काढून थाट करणाऱ्यासाठी 'ऋण काढून सण' ही म्हण तयार होती. घाबरटासाठी 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण तयार होती. म्हणजे जो भितो त्याच्याच मागे भूत लागतं, हे मराठी माणसाला कुणी येऊन शिकवायची गरज नव्हती. त्याला ते आधीच ठाऊक होतं.

मग तरीही तो भूताला का भ्यायचा आणि ऋण काढून सण का करायचा?

डेबूला पडलेला प्रश्न हाच होता. लोक रात्री तुकोबांचा अभंग गातात आणि सकाळी तुकोबांनी ज्याची थट्टा केली तेच करतात. गाणं ओठांवर आहे, पण कानात शिरत नाही.

सावकाराच्या माणसांपुढे उभा राहिलेला पोरगा

डेबू तरुण होत असतानाच दापुऱ्याच्या घरावर दुसरं संकट आलं. मामा चंद्रभानजी साधा माणूस. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटला आणि हिशेब वाढतच गेला. कागदात काय लिहिलंय हे घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. फेड करूनही कर्ज संपेना. शेती हातची जायची वेळ आली आणि त्या धसक्यानं मामा गेला.

बापाला दारूनं नेलं, मामाला कर्जानं. दोन्ही वेळा गिळणारा वेगळा होता, पण गिळायची पद्धत एकच. माणूस एकदा भ्यायला लागला की तो प्रश्न विचारत नाही. देव कोपेल म्हणून पितो. सावकार चिडेल म्हणून हिशेब मागत नाही.

चरित्रांमध्ये सांगितलेला प्रसंग असा. सावकार माणसं घेऊन शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा डेबूजी शेतात नांगर धरून उभा होता. तो हलला नाही. दांडगाई करायला आलेल्या माणसांना त्यानं अंगावर घेतलं. सावकाराला असा विरोध कुणी केलेला गावानं पाहिला नव्हता. शेवटी सावकारालाच माघार घ्यावी लागली आणि तडजोड झाली.

गावाला त्या दिवशी एक गोष्ट दिसली. ज्याला सगळे भीत होते, तोही माणूसच होता.

इथे तुकोबांची आठवण येणं साहजिक आहे. सतराव्या शतकातल्या देहूत तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. दुष्काळात घरची माणसं गेली, धंदा बुडाला. पुढे वाटणीला आलेली कर्जखतं तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. ज्याचे अभंग डेबूजी गात होते, त्यानं दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद नदीत बुडवले होते. आणि ते अभंग गाणाऱ्या खेड्यातले लोक कर्जाच्या कागदाखाली बुडत होते.

ज्या बारशात बाटली आली नाही

१८९२ साली डेबूजींचं लग्न झालं. बायकोचं नाव कुंताबाई. काही वर्षांनी घरात मुलगी जन्माला आली, आलोका. बारसं ठरलं. नातेवाईक जमले. जेवणात काय असणार हे सगळ्यांना माहीत होतं. मटण आणि दारू.

पानावर आले बुंदीचे लाडू.

आज वाचताना हे किरकोळ वाटेल. पण त्या काळात भावकीच्या पंगतीत दारू न देणं म्हणजे जातीच्या रीतीला तोंडावर नाही म्हणणं होतं. जातीबाहेर टाकण्याचं हत्यार तेव्हा धारदार होतं. पाणी तुटायचं, पंगत तुटायची, पोरांची लग्नं अडायची. सावकाराच्या माणसांपेक्षाही ही भीती मोठी, कारण ही माणसं आपलीच असतात.

लोक चिडले, बोलले. डेबूजी मात्र ठाम राहिले. बापाचं मरण त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी रीत मोडली ती भाषण करून मोडली नाही. जेवण दिलं, गोडाचं दिलं, पोटभर दिलं आणि बाटली तेवढी आणली नाही. पाहुणचारात कमी पडलो असं कुणी म्हणू शकलं नाही.

दारूबंदीबद्दल त्यांची पुढची सगळी रीत या बारशात दिसते. माणसाकडून काहीतरी काढून घ्यायचं असेल, तर त्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं.

१ फेब्रुवारी १९०५

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर डेबूजींनी घर सोडलं. तारीख १ फेब्रुवारी १९०५. मागे म्हातारी आई, बायको, पोरं. पुढची सुमारे बारा वर्षं त्यांनी भटकंतीत काढली. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि एक गाडगं. तेच जेवायचं भांडं, तेच पाणी प्यायचं, तेच उन्हात डोक्यावर घालायचं. या गाडग्यावरून नाव पडलं गाडगेबाबा. कुठे गोधडेबुवा, कुठे चिंधेबुवा अशीही नावं मिळाली.

या घर सोडण्याची किंमत घरच्यांनी मोजली, हेही सांगायला हवं. पुढे बाबांच्या शब्दाखातर लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यातला पैसा घरच्यांसाठी वापरू द्यायचा नाही हा त्यांचा कडक नियम होता. कुंताबाईंचं आयुष्य गरिबीतच गेलं. बाबांना संत म्हणताना त्यांचं नाव सहसा घेतलं जात नाही.

बाबांचं पहिलं मोठं काम उभं राहिलं ते पूर्णा नदीच्या काठावर, ऋणमोचन इथे. गावाच्या नावाचा अर्थच कर्जातून सुटका. तिथल्या यात्रेत लोक नदीच्या चिखलात रुतायचे, पाय घसरून पडायचे. बाबांनी आधी स्वतः कोरडी माती आणून टाकली, मग लोक हाताला आले आणि शेवटी घाट बांधला गेला. देवाला नवस बोलायला आलेल्या लोकांना एक माणूस पायाखालची वाट नीट करताना दिसला.

कीर्तन की उलटतपासणी?

बाबांची रीत ठरलेली असायची. गावात आले की कुणाला काही न विचारता झाडायला सुरुवात. गटारं, रस्ते, देवळाचा परिसर. लोक आधी वेडा समजायचे. मग कुणीतरी ओळखायचं, गर्दी व्हायची, चार-दोन खराटे आणखी यायचे. संध्याकाळपर्यंत गाव चकाचक आणि रात्री कीर्तन.

पण हे कीर्तन नेहमीचं नव्हतं. फेटा नाही, उपरणं नाही, संस्कृत श्लोक नाहीत. गोपालाचा गजर सुरू व्हायचा आणि मध्येच बाबा थांबून समोरच्यांना प्रश्न विचारायचे. अस्सल वऱ्हाडी बोलीत. लोक उत्तर द्यायचे. बाबा त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारायचे. असं करत करत पाच-सहा प्रश्नांनंतर श्रोता स्वतःच्याच तोंडानं कबूल करून बसायचा की आपण जे करतो ते चुकीचं आहे.

समजा विषय नवसाचा असेल. नवस बोलल्यानं मूल होतं या समजुतीची तुकोबांनी एका अभंगात चांगलीच फिरकी घेतली आहे. तो अभंग बाबा हमखास वापरायचे. लोक हसायचे. आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात यायचं की आपण परवाच बकरा बोललोय.

यातली खुबी अशी. बाबांनी नवसाला नावं ठेवली असती, तर लोक म्हणाले असते की हा नास्तिक आहे, देवाचा शत्रू आहे. पण बोलणारे तुकोबा होते. ज्यांच्या पालखीला लोक खांदा देतात, ज्यांचा अभंग पाठ असल्याचा अभिमान बाळगतात, ते तुकोबा. त्यांच्यावर चिडणार कसं?

कबिराचंही तसंच. पंधराव्या शतकातला काशीचा हा विणकर. काशीत मेलं तर मोक्ष आणि मगहरला मेलं तर दुर्गती, अशी तेव्हा लोकांची ठाम समजूत. कबीर आयुष्यभर काशीत राहिला आणि शेवटी मरायला मुद्दाम मगहरला गेला, असं सांगतात. लोकांच्या मनातली एक भीती खोटी ठरवण्यासाठी त्यानं आपलं मरणच पणाला लावलं. अशा माणसाचे दोहे बाबांच्या तोंडी असायचे, यात नवल नाही.

म्हण, अभंग आणि दोहा या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. त्या ऐकणाऱ्याच्या मालकीच्या असतात. बाहेरून येऊन कुणी उपदेश केला की माणूस आधी दार लावून घेतो. पण त्याचीच म्हण त्याच्यापुढे धरली की तो वाद घालू शकत नाही. बाबांनी नवं तत्त्वज्ञान आणलं नाही. लोक जे रोज म्हणत होते, गात होते, तेच त्यांना एकदा नीट ऐकायला लावलं.

भीतीचे तीन पदर

बाबांच्या कीर्तनात वारंवार येणारे विषय पाहिले, तर तीन प्रकारच्या भीती दिसतात.

पहिली देवाची. बकरा नाही कापला तर पोर आजारी पडेल, दारूचा नैवेद्य नाही दाखवला तर पीक जाईल. बाबांनी जत्रांमधली जनावरांची कत्तल थांबवण्यासाठी जीव तोडून काम केलं. त्यांचा मुद्दा साधा असायचा. ज्या देवानं सगळे जीव निर्माण केले असं आपण म्हणतो, तो त्यातल्याच एका जिवाचं रक्त कशाला मागेल? देवच मागत नसेल तर मग बकरा खातो कोण आणि दारू पितो कोण?

दुसरी भीती लोकांची. लग्न साधेपणानं केलं तर लोक काय म्हणतील, तेराव्याला जेवण नाही घातलं तर नाक कापलं जाईल. या भीतीपोटी कर्ज निघायचं आणि कर्जाच्या काळजीपोटी बाटली. बाबा सांगायचे की कर्ज काढून सण करू नका, घरात ताट नसलं तर हातावर भाकर घ्या, पण पोराला शाळेत घाला. आपल्या मामाचा अंगठा कुठे उमटला होता आणि का उमटला होता, हे ते विसरले नव्हते. वाचता येणाऱ्या माणसाला कागदाची भीती वाटत नाही, हे त्यांचं शिक्षणामागचं अगदी व्यवहारी गणित होतं.

तिसरी भीती मरणाची. इथे बाबांची स्वतःचीच परीक्षा झाली. १९२३ साली कोकणात खारेपाटणला त्यांचं कीर्तन होतं. त्यांचा एकुलता एक उरलेला मुलगा गोविंदा कुत्रा चावल्यानं गेला, ही बातमी त्यांना तिथेच मिळाली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. अशी कोट्यवधी माणसं गेली, त्यात एकासाठी किती रडणार, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं सांगितलं जातं.

हा प्रसंग अनेकांना कठोर वाटतो. एका बापाला पोराच्या मरणाचं दुःख झालं नसेल असं मानायचं कारण नाही. पण दुःख झालं की बाटली जवळ करायची आणि भीती वाटली की मांत्रिकाकडे धावायचं, हे ज्यानं वीस वर्षं लोकांना सोडायला सांगितलं, त्याला स्वतःवर वेळ आल्यावर उभं राहावंच लागणार होतं. त्या रात्री समोर बसलेल्या लोकांनी ते पाहिलं.

नुसतं सोडा म्हणून भागत नाही

दारू सोड म्हणणं सोपं असतं. सोडल्यावर संध्याकाळी जायचं कुठे, बसायचं कुणाबरोबर, हा खरा प्रश्न असतो. गुत्ता म्हणजे नुसती दारू नव्हती. दिवसभर राबलेल्या माणसाची ती बैठक होती, गप्पांची जागा होती.

बाबांनी या जागेला पर्याय दिला. एक म्हणजे भजन आणि कीर्तन. तिथेही माणसं जमतात, तिथेही हसणं-खिदळणं होतं, तिथेही माणूस दिवसाचा शीण विसरतो. दुसरा म्हणजे काम. घाट बांधायचा आहे, विहीर खणायची आहे, रस्ता करायचा आहे. चार गावची माणसं हातात कुदळ घेऊन एकत्र आली की त्यांची बैठक आपोआप तयार व्हायची.

आणि तिसरा म्हणजे धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी. मुंबईत रुग्णालयात येणाऱ्या गरिबांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा उभी केली. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य समाजातल्या वारकऱ्यांना विठ्ठलाच्या गावात डोकं टेकायला जागा नव्हती. ही वास्तू त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. देवाच्या गावातली इमारत शिक्षणासाठी देणं, ही बाबांच्या विचाराची सगळ्यात सरळ खूण होती.

स्वतःबद्दलची भीतीही त्यांनी तयार होऊ दिली नाही. कुणी पाया पडायला आलं की ते काठी उगारायचे. शिष्य केले नाहीत, मठ थाटला नाही, चमत्कार दाखवले नाहीत. ज्यानं आयुष्यभर लोकांना खोट्या देवांच्या धाकातून सोडवलं, त्यानं स्वतःचा नवा धाक बसू दिला असता तर सगळंच फुकट गेलं असतं.

कायदा आणि कीर्तन

१९४९ साली मुंबई प्रांतानं दारूबंदीचा कायदा केला. म्हणजे सरकारनंही शेवटी दारूवर हात घातला. पुढे या कायद्यात परवाने आले, सवलती आल्या, चोरून गाळणारेही आले. दारू काही संपली नाही. बाबांच्या कीर्तनांनीही ती महाराष्ट्रातून हद्दपार झाली असा दावा कुणी करणार नाही.

पण दोन्ही वाटांमधला फरक समजून घेण्यासारखा आहे. कायदा माणसाला आणखी एक भीती देतो, पोलिसाची. बाबांची वाट उलटी होती. माणूस कुठल्या भीतीपोटी पितो ते शोधायचं आणि ती भीती काढायची. देवाची असेल तर तुकोबांच्या अभंगानं, भावकीची असेल तर बुंदीच्या लाडवानं, सावकाराची असेल तर शाळेनं. भीती गेली की बाटलीचं अर्धं काम संपतं. उरलेल्या अर्ध्यासाठी सोबत लागते आणि ती भजनात मिळते.

आज व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक औषधोपचाराबरोबर समुपदेशन आणि एकमेकांना धरून ठेवणारे गट यांवर भर देतात. दारू हा आजार आहे, त्याला डॉक्टरही लागतो, हे आता आपल्याला माहीत आहे. बाबांकडे ते शास्त्र नव्हतं. पण पिणाऱ्याला हलकं लेखून उपयोग नाही आणि त्याला एकटं सोडून तर अजिबात नाही, हे त्यांनी झिंगराजीच्या घरातच शिकून घेतलं होतं. दारुड्याला त्यांनी झापलं असेल, हसवलं असेल, पण कीर्तनातून उठवून लावलं नाही.

शेवटचे दिवस

१९५२ साली बाबांच्या कामाला गाडगे महाराज मिशनचं रूप मिळालं. तोपर्यंत त्यांची तब्येत ढासळत चालली होती. मधुमेह होता, तरी फिरणं थांबलं नव्हतं.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं आणि शेवटचं मोठं कीर्तन म्हणून आजही ऐकायला मिळतं. ऐकलं तर कळतं, लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची रीत ऐंशीव्या वर्षीही तशीच होती. आवाज थकलेला आहे, पण प्रश्न धारदार आहेत.

६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर दोन आठवड्यांत, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. देऊळ नाही, मठ नाही, घरही नाही. वाटेवरच.

पुढे त्यांच्या आयुष्यावर 'देवकीनंदन गोपाला' हा सिनेमा आला, त्यात डॉ. श्रीराम लागू बाबांच्या भूमिकेत होते. अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. ज्या माणसाला सही करण्यापुरतीही शाळा मिळाली नाही, त्याच्या नावाच्या पदव्या आज वऱ्हाडातली पोरं घेऊन बाहेर पडतात. त्यांतल्या कितीतरी पोरांच्या आजोबा-पणजोबांनी कागद न वाचता अंगठे उमटवले होते.

२३ फेब्रुवारीला त्यांची जयंती येते. त्या दिवशी हातात खराटा घेतलेले फोटो सगळीकडे फिरतील. रस्ते झाडले जातील आणि तेही चांगलंच आहे. पण घरी पुढचं बारसं, लग्न किंवा जत्रा येईल, तेव्हा चार लोक काय म्हणतील या धाकानं आपण काय काय करतो, याचाही हिशेब एकदा मांडून पाहायला हरकत नाही. बाबांनी कीर्तनाला बसवून आपल्याला पहिला प्रश्न तोच विचारला असता.